आधी आषाढात ये, मग कुदळ मार

बंड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी पडवीत आमसुलं वाळत घालत होते. ‘आत्या, सड्याखालच्या आपल्या जागेत लहानसं घर बांधायचंय. विजेची तार नको, नळ नको, सगळं आपलं आपण.’ ऐकून बरं वाटलं, आणि खरं सांगू, हसूही आलं. पंधरा वर्षांपूर्वी राजापूर तालुक्यात मी हेच करायला आले होते, आणि एका घरात मावतील त्याहून जास्त चुका करून बसले. त्या फुकट जाऊ नयेत म्हणून हे लिहिते. चहा घेऊन बस.

१. जागेवर एक पावसाळा काढल्याशिवाय कुदळ मारू नको – मे महिन्यात सगळीच जमीन शहाण्यासारखी वागते. पाणी कुठून उतरतं, कुठे साचतं, पऱ्या म्हणजे आपला ओढा किती फुगतो, हे आषाढातच कळतं.

२. विहिरीचं उलट. तिचं पाणी वैशाखाच्या शेवटी बघ – श्रावणात खड्डासुद्धा विहिरीचा आव आणतो. मी म्हणते, विहीर बघावी वैशाखात आणि वाट बघावी आषाढात. हसू नको, वाटेचं पुढे येतंच आहे.

३. ट्रक कुठपर्यंत येतो ते स्वतः चालून मोज – माझा जांभ्याचा चिरा अर्धा किलोमीटर अलीकडे उतरला. तिथून डोक्यावरून आणण्याची मजुरी चिऱ्याच्या किमतीला टेकली.

४. शेजाऱ्याच्या बांधावरून पायवाट जात असेल तर ती कागदावर घे – आजोबांची दोस्ती नातवाला दिसत नाही. शेताला वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते, पण ते शेवटचं औषध. आधी चहा पाजून बघ.

५. आता जिथे जरा थांबायला हवं तो मुद्दा. सातबारा नीट वाच, नुसतं स्वतःच्या बाबाचं नाव शोधून खूश होऊ नको – कोकणात जमीन कमी आणि वारस फार. आपल्या सातबाऱ्यावर तेवीस नावं होती. त्यातली सात वारलेली, एक बडोद्यात, आणि एक चुलती जी एका लग्नातल्या मानपानावरून तेव्हापासून माझ्याशी बोलत नव्हती. त्या एका सहीसाठी मी तिच्याकडे तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला कागद घरी ठेवून फणसाचे गरे घेऊन गेले, तेव्हा तीच म्हणाली, ‘कागद कुठाय?’ सामाईक जमिनीत आधी वाटप, निदान सगळ्यांचं संमतीपत्र, मग पाया. सही राहिली की भिंत कोर्टात राहते.

६. ‘इतर हक्क’ हा रकाना आणि जुने फेरफार दोन्ही काढून बघ – कुळाचं नाव, बँकेचा बोजा, कुणाचा विहिरीतला वाटा, सगळं तिथे गुपचूप बसलेलं असतं.

७. सरकारी मोजणीचा अर्ज आत्ताच दे – नंबर लागायला वेळ जातो, आणि आंब्याच्या झाडाला हद्द मानणारे आपण दोन्ही बाजूंना असतो.

८. तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला बांधण्याआधी भेट. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण हाक मारताना गाव ऐकत नाही.) शेतजमिनीवरच्या शेतघराला क्षेत्राची आणि आकाराची अट असते – बांधल्यावर विचारलं की उत्तर महाग पडतं.

९. वरच्या सड्यावर जेसीबी फिरवण्याआधी कातळ झाडून बघ – कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं अशाच उघड्या सड्यांवर आहेत. लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावरून गुरं नेत होते.

कागद झाले. आता माती.

१०. पहिल्या वर्षी एक खोली आणि एक पडवी, बस – मी तीन खोल्यांचा आराखडा काढला होता. त्यातल्या दोन खोल्यांत आज नारळ आणि पाहुण्यांच्या चपला राहतात.

११. दसऱ्यानंतर जोतं, होळीपर्यंत भिंती, अक्षय्य तृतीयेला कौलं, हे पंचांग सोडू नको – मृग जूनच्या ७ तारखेच्या आसपास लागतो आणि तो सुताराची अडचण ऐकून घेत नाही.

१२. जोतं दोन फूट तरी उचल – पैसे वाचवायचे तर फरशीत वाचव. ओल एकदा पायातून चढली की तिला उतरवणारा अजून जन्मायचाय.

१३. चिरा खाणीतून काढला की मऊ असतो, हवेवर कडक होतो. म्हणून ताजा चिरा लगेच भिंतीत घालू नको, थोडा वाळू दे – नवा चिरा आणि नवा जावई, दोघांना मुरायला वेळ द्यावा.

१४. दार पश्चिमेला ठेवू नको. हे मी पाठ करून ठेवलंय. संध्याकाळी समुद्राकडचं आभाळ दिसावं म्हणून मी दोन फळ्यांचं दार पश्चिमेला बसवून घेतलं. सुतार दोनदा म्हणाला, ‘बाय, झड येतली.’ मी हसले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नैर्ऋत्येकडून झड आली ती थेट चुलीपर्यंत. दार फुगलं ते अर्धं मिटलेलं तसंच अडकलं. ना उघडे ना लागे. चार रात्री मी पलंगावर छत्री उघडून तिच्याखाली डोकं घालून झोपले. पुढच्या वर्षी त्या अंगाला पडवी काढली, दार दक्षिणेला नेलं. आभाळ आता पडवीतून दिसतं, तेवढंच.

१५. पाखं तीन फूट बाहेर काढ, पागोळ्यांखाली गटार खण – भिंतीचं आयुष्य छपराच्या काठावर असतं.

१६. कौलांचा उतार सुतारावर सोड, मुंबईच्या मित्रावर नको – उतार कमी पडला की वारा पाणी उलटं वर ढकलतो. आणि पन्नास कौलं जादा घेऊन ठेव, वानरांची टोळी वर्षातून दोनदा पाहुणचाराला येते.

१७. लाकडाचा खांब मातीत पुरू नको, चिऱ्यावर उभा कर – वाळवी वर येताना दिसली पाहिजे.

१८. बांबू वापरणार असशील तर तीन वर्षांच्या वरचा, थंडीत तोडलेला, पाण्यात भिजवून वाळवलेला घे – कोवळ्या बांबूत गोडवा असतो आणि भुंग्याला तो आपल्याआधी कळतो.

पाणी आणि दिवा. इथे लोक खर्च करतात, हिशेब करत नाहीत.

१९. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. वीस बाय वीस फुटांचं छप्पर म्हणजे साधारण ३७ चौरस मीटर. आपल्याकडचा तीन हजार मिलीमीटर पाऊस धर, लाख लिटरच्या वर जातं – आणि तरी मे महिन्यात आपण टँकरला फोन करतो! दोघांना ऑक्टोबर ते मे पिण्या-शिजवण्याला रोज दहा लिटर धरलं तर अडीच हजार लिटरसुद्धा लागत नाहीत. दहा हजार लिटरची टाकी बांध आणि सुखाने भांडी घास.

२०. पहिले दोन-तीन पाऊस टाकीत घेऊ नको – ते छपराची आंघोळ असते. टाकी अंधारी ठेव आणि तोंडाला बारीक जाळी लाव. उजेडाने शेवाळ येतं, फटीतून डास.

२१. संडास दोन खड्ड्यांचा कर, विहिरीपासून पन्नास-साठ फुटांवर आणि उताराच्या खालच्या अंगाला – जांभ्याला भेगा असतात, त्यातून पाणी आपल्या अंदाजापेक्षा लांब चालतं. एक खड्डा भरला की दुसरा चालू कर. पहिल्याचं दोनेक वर्षांनी खत होतं. मोरीचं पाणी केळीला आणि अळवाला सोड.

२२. सोलर घेण्याआधी वहीत लिही: चार दिवे नऊ वॅटचे, पाच तास, १८०, तीस वॅटचा बीएलडीसी पंखा दहा तास, ३००, फोन आणि रेडिओ ५०. झाले ५३० वॅट-तास. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीत १८०० असतात, पण निम्म्याच वापराव्यात – बॅटरी तळापर्यंत खरवडली की लवकर मरते. म्हणजे ऊन नसेल तर दीड दिवस. आषाढात तिसऱ्या दिवशी कंदील, हे आधीच मान्य कर.

२३. इस्त्री, गीझर, शेगडी यांना सोलरपासून चार हात लांब ठेव – उष्णता करणारं प्रत्येक यंत्र खादाड. पाणी चुलीवर तापतं, आणि ऊब फुकट मिळते.

२४. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाल, महिन्यातून एकदा बघून – मी एकदा विहिरीचं घातलं. ‘पाणीच तर आहे’ या वाक्याची किंमत मला एक बॅटरी पडली.

२५. पॅनेल दक्षिणेला तोंड करून सतराएक अंशांवर बसव, माडाखाली मात्र नाही – कारण तुला कळलंच असेल.

२६. वीजरोधक बसव, आणि अर्थिंगचा खड्डा मोरीच्या ओलाव्याजवळ घे – कोरड्या कातळात अर्थिंग नावापुरतं राहतं. मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, दोन्ही वेळा गडगडाट लांब असतानाच पॅनेलची तार सोडव.

२७. मार्गशीर्षानंतर घराभोवती दहा-पंधरा फूट जाळरेषा साफ ठेव – वणवा हद्द विचारत नाही. फाटी भिंतीला लावून रचू नको. त्यात फुरसं राहतं आणि ते भाडं देत नाही. रात्री पाय टाकण्याआधी बॅटरीचा उजेड टाक. चावलंच तर बांधू नको, चिरू नको, हालचाल न करता थेट सरकारी रुग्णालय गाठ. कुठल्या रुग्णालयात सापाच्या विषावरचं इंजेक्शन असतं ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेव.

२८. आगोटीची यादी मेच्या पंधरा तारखेला कर: तांदूळ, मीठ, काड्यापेटी, रॉकेल नाही मिळालं तर मेणबत्त्या, कोरडी फाटी महिन्याची – पऱ्या भरला की दुकान नकाशावरच राहतं.

२९. वाडीत पहिला नारळ देवाला, दुसरा शेजाऱ्याला – देव रोज येऊन बघत नाही, शेजारी बघतो.

तुझ्या बाबाला यातलं सगळं वाचून दाखव, पाचवा मुद्दा दोनदा. मोजणीचा अर्ज या आठवड्यात दे. आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस काढून ये. छत्री आणू नको, ती इथे टिकत नाही. इरलं मी देते. गुडघाभर चिखलात दोघं जागा फिरू, पाणी जिथून उतरेल तिथे खुंट्या मारू, आणि रात्री पश्चिमेच्या पडवीत बसून कुळथाचं पिठलं खाऊ.