न्यूट्रलमध्ये उतरवलेला घाट

मे महिन्याच्या सुट्टीत एक सहल माहेरच्यांबरोबर आणि एक सासरच्यांबरोबर करण्यात काहीच गैर नाही. मात्र दोन्हींच्या मध्ये गाडीला आणि गाडी चालवणाऱ्याला विसावा मिळायला हवा. मी हे एप्रिलमध्येच घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं : ‘मध्ये निदान चार-पाच दिवस ठेवा, गाडी सर्व्हिसिंगला टाकायची आहे.’ तो मेसेज आजही तिथे आहे आणि त्याखाली माझ्या नणंदेच्या यजमानांनी, म्हणजे भाऊजींनी, दिलेला अंगठाही आहे.

तरीही मालवणचं बुकिंग त्यांनी केलं ते आम्ही हंपीहून परतणार होतो त्याच्या दुसऱ्याच दिवसाचं. पैसे भरून झाल्यावर आम्हाला कळवलं. कारण काय, तर मेच्या शेवटी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ पावसाळ्यासाठी बंद होतात, आणि होमस्टे स्वस्तात मिळत होता. होड्यांचं खरंच आहे. पण म्हणून गाडीच्या चाव्या माझ्या हातात आहेत हे विसरून चालत नाही. यांच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर लांबचं ड्रायव्हिंग मीच करते, हे सगळ्या घराला माहीत आहे.

हंपीचं फार सांगत नाही. मेमध्ये तिथला दगड सकाळी दहानंतर अनवाणी पायाला सोसत नाही, तेव्हा विठ्ठल मंदिराचा दगडी रथ पाहायचा तर उजाडताच निघा, एवढंच. परतीचं होस्पेट ते पुणे साडेपाचशे किलोमीटरच्या वर आहे आणि कोल्हापूरपासून पुढे रस्त्याच्या कामांनी जागोजाग वळवलेली वाहतूक होती. कराडच्या पुढे ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून बारीक घासल्याचा आवाज यायला लागला. मी घरी न जाता थेट कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले. त्याने रात्री चाक उतरवून पाहिलं. पॅड पातळ झालेत, पण लगेच संपणार नाहीत, म्हणाला. आमच्या मॉडेलचे पॅड त्याच्याकडे नव्हते. “ताई, जायचंच असेल तर घाटात गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. आल्यावर पॅड आणि ऑइल दोन्ही बदला.” मी घरी येऊन हे शब्दन् शब्द सगळ्यांना सांगितलं. एक दिवस उशिरा निघू म्हटलं, तर “अ‍ॅडव्हान्स बुडेल” हे उत्तर.

सकाळी निघालो. राधानगरीला चहासाठी थांबलो तेव्हा भाऊजींनी चावी उचलली. “वहिनी, कालपासून तुम्हीच चालवताय. घाट मी उतरवतो.” सासूबाई म्हणाल्या, “दे गं, तुलाही जरा आराम.” सगळ्यांसमोर मी पुन्हा सांगितलं, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच उतरवा. “पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी,” असं म्हणून ते बसले.

दाजीपूर मागे पडलं आणि फोंडा घाट सुरू झाला. मी मधल्या सीटवर, मांडीवर धाकट्याचं डोकं. दोन-तीन वळणं गेल्यावर मला गाडी फार शांत वाटली. घाट उतरताना इंजिनाचा एक ओढल्यासारखा आवाज येत असतो, तो येतच नव्हता. मी वाकून डॅशबोर्डकडे पाहिलं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा आठशेच्या आसपास निपचित पडलेला आणि शेजारचा वेगाचा काटा चढत चाललेला. गाडी न्यूट्रलमध्ये होती. “भाऊजी, गिअर टाका.” “अहो वहिनी, उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं?” तेवढ्यात जळक्या रबरासारखा वास आत आला. पुढच्या वळणाआधी त्यांनी ब्रेक दाबला, मग पुन्हा दाबला, आणि त्यांचा गुडघा नेहमीपेक्षा खाली गेलेला मला मागून दिसला. मग मात्र मी ओरडले. तिसरा टाका, आता दुसरा, हँडब्रेक हळूहळू ओढा. गाडी गुरगुरली, मंदावली आणि डोंगराच्या बाजूला जरा रुंद जागा होती तिथे थांबली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता.

उतरून ते काय करणार होते? पाण्याची बाटली चाकावर ओतणार होते. मी त्यांचा हात धरला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकडी होते, तडकूही शकते. चाकांपुढे दगड लावले, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि पाऊण तास थांबलो. तेवढ्यात वरून आलेल्या एका ट्रकवाल्याने विचारपूस केली, तर भाऊजींनी त्याला सांगितलं, “ब्रेकच खराब आहेत. यांनी सर्व्हिसिंग केलं नाही.” मी तिथेच उभी होते. घाटातल्या भीतीपेक्षा मला हे वाक्य जास्त लागलं, आणि ते विसरणं मला अजून जमलेलं नाही.

म्हणून नीट सांगते. उतारावर पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं ही जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळातली समजूत आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंधनाचा पुरवठा जवळपास बंदच होतो, कारण चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच. म्हणजे बचत शून्य, आणि भरलेल्या गाडीचा सगळा भार एकट्या ब्रेकवर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ते जुनं झालं की कमी तापमानाला उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. ज्या गिअरमध्ये तो घाट चढवाल त्याच गिअरमध्ये उतरवा. उतारावर इंजिन बंद करणं न्यूट्रलहूनही वाईट : स्टिअरिंग जड होतं आणि दोन-चार दाबांनंतर ब्रेकही दगडासारखा लागतो.

लागोपाठ सहली करायच्याच असतील तर दुसरीचं बुकिंग करण्याआधी गॅरेजची तारीख घ्या. मेमध्ये सर्व्हिस सेंटरला लगेच नंबर लागत नाही. पॅडची जाडी डोळ्यांनी पाहा, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारा. टायरची हवा गार टायरमध्ये तपासा. सात माणसं आणि सामान असेल तर दाब जास्त लागतो, तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेला चार आकडी मजकूर असतो, त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर असेल तर लांब जाऊ नका. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. औषधं एकाच बॅगेत ठेवू नका. मुलांना घाटात मोबाइल देऊ नका, उलटी होते. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही ११२ आहे, पण घाटात रेंज जाते, तेव्हा सगळी भिस्त फोनवर ठेवू नका.

आणि चालवणाऱ्याची झोप. हंपीहून आल्या रात्री मी कपडे धुवायला लावून, सासूबाईंच्या गोळ्या भरून, डबे काढून झोपले तेव्हा बारा वाजून गेले होते. कोणी विचारलं नाही. आता मी ज्या दिवशी गाडी चालवणार त्याच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात जात नाही, हे मी जाहीर केलं आहे.

मालवणला पोचल्यावर पॅड आणि ब्रेक ऑइल बदलून घेतलं. मुक्कामाचा खर्च निम्मा-निम्मा झाला, गॅरेजचं बिल मात्र “तुमच्या गाडीचं” म्हणून आमच्याकडे आलं. तेव्हा नात्यातल्या माणसांबरोबर जाणार असाल तर वाटेतली दुरुस्ती कोणाची, हे निघण्याआधी बोलून घ्या. लग्नाकार्यात अजूनही “वहिनी घाटात फार घाबरल्या होत्या” असं सांगितलं जातं, तेव्हा वन्सं खाली बघतात. दिवाळीला गोव्याचा बेत निघालाय. मी कळवलं आहे की आमच्या गाडीचं स्टिअरिंग माझ्याशिवाय कोणाच्या हातात जाणार नाही. मान्य नसेल तर त्यांनी त्यांची गाडी काढावी. या वेळी अंगठा आलेला नाही.