दोन दिवसांत पॅरिस

प्रश्न : आम्ही नवरा-बायको नोकरीनिमित्त लंडनमध्ये राहतो. शनिवार-रविवारी पॅरिसला जाऊन येणं जमेल का? आम्ही शाकाहारी आहोत.

उत्तर : जरूर जमेल, पण विमानाच्या भानगडीत पडू नका. सेंट पॅन्क्रासहून युरोस्टार सुमारे सव्वादोन तासांत थेट पॅरिसच्या मध्यवस्तीत पोचवते. शुक्रवारी संध्याकाळीच निघालात तर उत्तम.

लूव्र या खेपेला सोडा, असं मी स्पष्टच सांगेन. अर्धा दिवस गर्दीत जातो आणि मोनालिसा दिसते ती लोकांच्या मोबाइलआडून. त्याऐवजी ऑर्से संग्रहालय बघा. 1900 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं हे रेल्वे स्टेशन. काचेच्या छताखाली मोने, व्हॅन गॉग निवांत बघता येतात, आणि वरच्या मजल्यावरच्या भल्यामोठ्या घड्याळाच्या काचेतून सेन नदी दिसते. तिथून नदीकाठानं रमतगमत नोत्र दामपर्यंत चाला. 2019 च्या आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये ते पुन्हा खुलं झालं. प्रवेश मोफत आहे. आयफेलवर चढलंच पाहिजे असं नाही. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं तो लखलखतो, ते समोरच्या त्रोकादेरोवरून बघा.

पोटापाण्याचं म्हणाल तर मारे भागातल्या र्‍यू दे रोझिए गल्लीत फलाफल छान मिळतं. वस्ती ज्यूंची, त्यामुळे शनिवारी बरीच दुकानं बंद असतात, रविवारी जा.

आणि महत्त्वाचं : तुमचे पासपोर्ट भारतीय असतील, तर ब्रिटनचा व्हिसा फ्रान्समध्ये चालत नाही. शेंगेन व्हिसा हातात पडल्यावरच तिकिटं काढा.