एक्सटर्मची अक्षरं मोठी कशी करावीत?

प्रश्न : होम फोल्डरमधल्या 'डॉट एक्सरिसोर्सेस' फाइलमध्ये 'फेससाइझ' 14 केला, फाइल सेव्ह केली, तरी एक्सटर्मची अक्षरं बारीकच. काय राहिलं?

उत्तर : एक्सटर्म ही फाइल स्वतः उघडून बघत नाही. तिच्यातल्या नोंदी एक्स सर्व्हरकडे आधी पोहोचवाव्या लागतात. 'एक्सआरडीबी' ही कमांड 'मर्ज' पर्यायासह, पुढे फाइलचं नाव देऊन चालवा आणि नवी खिडकी उघडा. आधीची उघडी खिडकी बदलणार नाही.

दुसरं, 'फेससाइझ' एकटा कामाचा नाही. सोबत 'फेसनेम' हवा, उदाहरणार्थ डेजावू सान्स मोनो. तो नसेल तर एक्सटर्म जुना बिटमॅप फाँटच धरतो. ओळीच्या सुरुवातीच्या 'एक्सटर्म'मध्ये एक्स आणि टी दोन्ही कॅपिटल हवेत, नाहीतर सगळीच अक्षरं स्मॉल; फक्त एक्स कॅपिटल चालत नाही.

एखादी ओळ तात्पुरती बंद करायची तर तिच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह टाका. सवयीने हॅश टाकू नका, कारण 'एक्सआरडीबी' फाइल आधी सी भाषेच्या प्रीप्रोसेसरमधून काढते आणि तिथे हॅशचा अर्थ वेगळा. रंग बदलताना रंगाच्या नावानंतर चुकूनही स्पेस ठेवू नका. ती डोळ्यांना दिसत नाही, पण नावाचाच भाग धरली जाते आणि रंग न लागण्याची शक्यता असते.