एकेकाची जबानी

अमरावती,
वैशाख, शके 1947

चि. माई,

तुझे पत्र पावले. रिद्धपुरास जाऊन पोथ्यांच्या अक्षरांत तू रमली आहेस हे वाचून संतोष झाला. परंतु पत्राचा अर्ध्याहून अधिक भाग, ज्या टॅबवर तू लिप्यंतर उतरवतेस त्याच्याच कैफियतीने भरलेला पाहून, उत्तरही त्याच विषयावर लिहिणे मला भाग पडले आहे. तुझी तक्रार थोडक्यात अशी, की रात्रभर चार्जर लावूनही सकाळी टॅब भरलेला आणि कीबोर्डचा डॉक मात्र रिकामा आढळतो. संगणकाला केबल जोडली असता चार्जिंगचे चिन्ह उमटते, तरीही टक्के वर जाण्याऐवजी खाली येतात. भर दुपारी यंत्र वीज घेण्यासच नकार देते. आणि 38 टक्के दिसत असता ते एकाएकी मिटते. हे सर्व ऐकून दुकानदाराने 'बॅटरी गेली, नवी टाका' असा निकाल उभ्या उभ्या दिला, आणि तूही तो शिरसावंद्य मानून पैशांची तजवीज करू लागलीस. चार तक्रारी एका दमात सांगितल्या म्हणून त्यांचे कारण एक ठरत नाही, आणि साक्षीपुरावा घेतल्यावाचून दिलेला निकाल, तो देणारा कितीही अनुभवी असो, कायम करू नये, एवढेच माझे सांगणे आहे.

साक्ष कशी घ्यावी हे तुला मी शिकवावे असे नाही, कारण तू जेथे राहतेस ते गावच त्या विद्येचे पीठ आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर नागदेवाचार्य आणि इतर भक्तमंडळी रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध येऊन राहिली, आणि तेराव्या शतकाच्या अखेरच्या काळात म्हाइंभटांनी स्वामींच्या लीळा संकलित करण्यास आरंभ केला तेव्हा, ज्याने जे पाहिले-ऐकले होते त्याच्याकडे जाऊन त्याची त्याची आठवण विचारली आणि नागदेवाचार्यांकडून ती पारखून घेतली. पुढे मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली व स्मरणावरून पाठ पुन्हा सिद्ध करावे लागले, तेव्हा जेथे दोघांच्या आठवणींत अंतर पडले तेथे कोणा एकाला खोटे न ठरवता 'अमक्याची वासना' म्हणून भेद नोंदून ठेवण्याची शिस्त त्या मंडळींनी पाळली. प्रत्यक्षदर्शी कोण आणि ऐकीव सांगणारा कोण, हा विवेक ज्या गावी सातशे वर्षांपूर्वी केला गेला, त्या गावच्या मराठी भाषा विद्यापीठाच्या विद्यार्थिनीने पडद्याच्या कोपऱ्यातील एका आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, हे मला रुचले नाही.

त्या आकड्याचीच योग्यता प्रथम पाहू. बॅटरीत किती वीज शिल्लक आहे हे उघडून बघण्याची सोय कोणत्याही यंत्रात नाही. आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या प्रवाहाचा जमाखर्च ठेवून व मधूनमधून व्होल्टेज पाहून आतील एक लहानसे सर्किट अंदाज बांधते आणि तो टक्क्यांच्या भाषेत आपणांस कळवते. लिथियम-आयन कोश पूर्ण भरला असता सुमारे 4.2 व्होल्ट दाखवतो, परंतु मधल्या मोठ्या पट्ट्यात, म्हणजे 3.7 च्या आसपास, व्होल्टेज इतके थोडे हलते की केवळ त्यावरून शिल्लक सांगणे अवघड. म्हणून जो टॅब नेहमी अर्धामुर्धा भरला आणि अर्धामुर्धा वापरला जातो, त्याच्या जमाखर्चात काही महिन्यांनी तफावत पडते. तेव्हा 38 टक्क्यांवर मिटणाऱ्या यंत्राविषयी दोनच शक्यता उरतात: हिशेब चुकला आहे, किंवा कोश जुना होऊन त्याचा अंतर्गत रोध वाढल्यामुळे भार पडताच व्होल्टेज कोसळते. यांतील खरे कोणते हे एका प्रयोगाने कळेल. एकदा तो पूर्ण भरू दे, 100 दिसल्यावरही तासभर चार्जर काढू नकोस, मग आपोआप मिटेपर्यंत वापर आणि पुन्हा मध्ये न थांबता भर. त्यानंतर आकडा शहाण्यासारखा वागू लागला तर दोष हिशेबाचा होता. पुन्हा तसाच मिटला तर या एका कलमापुरता तुझा दुकानदार बरोबर होता. कारण 300 ते 500 पूर्ण आवर्तनांनंतर अशा बॅटरीची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांच्या आसपास येते, हा तिचा धर्मच आहे. मात्र हा प्रयोग नित्याचा करू नकोस. तळापर्यंत रिकामे होणे लिथियमला मानवत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो. माझी सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी-खोलीच्या सान्निध्यात गेली. दोन-दोन व्होल्टचे 24 कोश मांडून 48 व्होल्ट उभे करावेत, हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहावी आणि ती रोजच्या रोज नोंदवहीत लिहावी, हा आमचा परिपाठ होता. त्या शिशाच्या बॅटऱ्यांना सदैव भरलेले ठेवणे हिताचे असे, आणि तोच जुना उपदेश घरोघरचे वडीलधारे आज मोबाईल-टॅबलाही लागू करतात. तो ऐकू नकोस. 1991 साली सोनीने बाजारात आणलेली आणि जिच्या शोधासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ती ही बॅटरी निराळ्या प्रकृतीची आहे. तिला 20 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान राहणे अधिक भावते, आणि उष्ण जागी पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहणे सर्वांत जाचक होते. नोंदवहीची सवय मात्र आमच्याकडून जरूर घे, कारण यंत्राच्या स्मरणाहून वहीतील शाईवर माझा विश्वास अधिक.

आता डॉकचा मामला. कीबोर्डमध्येच दुसरी बॅटरी बसवून टॅबचे आयुष्य लांबवण्याची युक्ती 2011 साली आसुसच्या ट्रान्सफॉर्मरमुळे लोकांच्या विशेष परिचयाची झाली, आणि तेव्हापासून बहुतेक अशा जोडयंत्रांत एक नियम पाळला जातो: टॅब हा मालक आणि डॉक हा त्याचा कोठावळा. चार्जर डॉकला लावला तरी वीज अगोदर टॅबला पोचते आणि टॅब भरत आल्यावर डॉकचा क्रम लागतो; चार्जर काढला की डॉक आपली शिल्लक टॅबला देऊ लागतो, मग तू टंकलेखन करीत असलीस वा नसलीस. रांजणातील पाणी तांब्या-तांब्याने माठात घालावे तसा हा व्यवहार चालतो, आणि प्रत्येक खेपेला थोडे सांडते, कारण एका बॅटरीतून दुसरीत वीज नेताना काही अंश उष्णतेच्या रूपाने जातोच. तेव्हा रात्री लाईन गेली आणि पहाटे आली, असे आपल्याकडे उन्हाळ्यात घडले, की टॅब भरलेला व डॉक रिकामा ही स्थिती दोषाविना उत्पन्न होते. एक रात्र दोन्ही अलग करून ठेव. डॉक सुटा असताही सकाळी रिकामा झाला तर त्याची बॅटरी खरोखर दुर्बळ आहे. सुटा असता तसाच राहिला तर तो निर्दोष आहे, असे समज.

संगणकाला जोडल्यावर टक्के उतरतात, याचे कारण तर केवळ गुणाकाराचे आहे. संगणकाचे जुने यूएसबी पोर्ट 5 व्होल्टवर अर्धा अँपिअर देते, म्हणजे अडीच वॉट. पडदा उजळ ठेवून, वाय-फाय चालू ठेवून, छायाचित्रे मोठी करून पाहणारा टॅब त्याहून पुष्कळ अधिक खातो. चिन्ह दिसते कारण वीज येत आहे. टक्के उतरतात कारण खर्च मिळकतीहून मोठा आहे. 30 वॉट-तासांची बॅटरी अडीच वॉटने भरायची म्हटले तर यंत्र बंद ठेवूनही बारा तासांहून कमी लागणार नाहीत. मोबाईलच्या साध्या चार्जरची गतही याहून फार वेगळी नाही. त्या 2011 च्या यंत्राचा चार्जर परक्या उपकरणास 5 व्होल्ट देई आणि स्वतःच्या केबलची खूण पटली तरच 15 व्होल्टवर चढे. आजचे सी-टाइप चार्जरही जोडल्याक्षणी यंत्राशी बोलणी करतात आणि करार झाला तर 9, 15 किंवा 20 व्होल्ट देतात, नाही तर 5 वर थांबतात. 28 डिसेंबर 2024 पासून युरोपीय संघाने टॅब-मोबाईलना सी-टाइप सक्तीचे केले, ही गोष्ट चांगली झाली. परंतु पिन सारखी झाली म्हणून चार्जरची ताकद सारखी झाली असे नाही, आणि स्वस्त केबलमधील एखादी बारीक तार तुटली की वरून धडधाकट दिसणारी केबलही करार होऊ देत नाही. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत जे छापलेले असते ते भिंग घेऊन वाच. पोथ्यांतील सांकेतिक सकळ लिपी वाचणारीला ते जड जाऊ नये.

त्याच पाठीवर 'इनपुट 100–240 व्होल्ट' असेही बहुधा आढळेल, आणि ते आढळले तर 'गावात व्होल्टेज कमी म्हणून चार्ज होत नाही' ही सबब त्याच ठिकाणी बाद होते. भिंतीतील ढिले सॉकेट, आणि ज्यावर कूलरही लावला आहे तो एक्स्टेन्शन बोर्ड, हे मात्र खरे संशयित आहेत. पिन घालताना चरचर ऐकू आली किंवा प्लग हाताला गरम लागला तर तो बोर्ड आजच बाद कर. येथे काटकसर नको.

दुपारच्या नकाराविषयी मला तिळमात्र शंका नाही. अकोला-अमरावतीचा पारा वैशाखात 44-45 अंशांच्या वर जातो, टिनाच्या छताखालची खोली त्याहून तापते, आणि लिथियम बॅटरी सुमारे 45 अंशांपुढे भरू नये असे तिचे निर्मातेच सांगतात. बॅटरीस टेकवलेला उष्णतामापक ती मर्यादा ओलांडताच चार्जिंग तहकूब करतो. यंत्र येथे बिघडलेले नसून आपले रक्षण करीत आहे. पहाटे भर, पाठीवरचे जाड कव्हर भरताना काढ, उशी-गादीवर ठेवू नकोस. लवकर थंड व्हावे म्हणून फ्रिजमध्ये ठेवण्याचा जो सल्ला तुला कोणी दिला तो घातक आहे, कारण बाहेर काढताच आत दव धरते. कूलरच्या तोंडाशी ठेवणेही ओलाव्यामुळे बरे नाही.

एवढे झाल्यावर तपासाचा क्रम सांगतो, आणि तो मोडू नये असा माझा आग्रह आहे. डॉक बाजूला ठेवून टॅब एकटा, त्याच्या स्वतःच्या चार्जरने, भिंतीतल्या चांगल्या सॉकेटवर तासभर लाव. तो भरत असेल तर सॉकेट, चार्जर, केबल आणि टॅब हे चौघे एकदम सुटले आणि संशय डॉक व त्याच्या सांध्यावर आला. भरत नसेल तर फक्त केबल बदल; मग केबल पूर्ववत ठेवून फक्त चार्जर बदल. एका वेळी दोन गोष्टी बदलून यंत्र सुरू झाले तर तुला आनंद होईल, परंतु दोषी कोण हे कळणार नाही आणि तो पुन्हा परतेल. सांध्याची तपासणी यंत्र बंद करून दिवसाच्या उजेडात कर. आपल्या काळ्या मातीची धूळ त्या इवल्याशा पितळी टोकांवर बसते आणि डॉक पुरता बसला असे वाटत असूनही एखादे टोक टेकत नाही. मऊ कोरडा ब्रश पुरेसा आहे. सुई किंवा पिन आत घालू नकोस. सर्व काही ठीक असूनही यंत्र हट्टास पेटले असेल तर चार्जर भिंतीतून काही मिनिटे काढून ठेव आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धर. चार्जिंगवर देखरेख करणारे आतील सर्किट कधी कधी अडकून बसते, ते याने पुन्हा कामावर रुजू होते. आणि पुष्कळ दिवस बंद राहून तळाला गेलेली बॅटरी पहिला अर्धा-पाऊण तास काहीच दाखवीत नाही, म्हणून तेवढ्यावरून तिला मृत ठरवू नये. यूएसबीचे व्होल्ट-अँपिअर दाखवणारे बोटाएवढे मापक थोडक्या पैशांत मिळते. ते कोणाकडून मागून आण, कारण या सर्व प्रकरणात वीज प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार तोच एक आहे.

एका लक्षणापुढे मात्र तपास, प्रयोग, काटकसर सर्व थांबव. टॅबचा पडदा कडेने उचलला गेला, पाठ फुगली किंवा गोडसर रासायनिक वास आला, तर तत्क्षणी चार्जर काढ, यंत्र दाबू-उघडू नकोस आणि जळाऊ वस्तूंपासून दूर ठेव. अशी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नसते. आपल्याकडील बॅटरी-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा ती अधिकृत केंद्रावरच दे.

लिप्यंतराच्या फाइलीची एक प्रत रोज रात्री पेन ड्राइव्हवर घे आणि ती टॅबच्या पिशवीत न ठेवता दुसरीकडे ठेव. एकमेव प्रत गमावल्यावर काय काय खटाटोप करावे लागतात ते त्या पोथ्यांच्या इतिहासात तू रोजच वाचतेस.

आठ दिवस रोज सकाळी आणि रात्री दोन्ही बॅटऱ्यांचे आकडे, चार्जर कोठे लावला होता, लाईन केव्हा गेली, हे एका कागदावर लिहीत जा, आणि तो कागद व चार्जरच्या पाठीचे छायाचित्र मला पाठव. तोवर दुकानदाराला एक पैसाही देऊ नकोस.

तुझा,
मामा