जुन्या अमेरिकेतला बर्गर : बिल किती येईल?

लॉस एंजेलिसला मुलांकडे किंवा फिरायला जाणाऱ्यांच्या यादीत हॉलिवूडची पाटी आणि डिस्नेलँड असतातच. हल्ली त्यात पन्नासच्या दशकातला निऑन, क्रोमची स्टुलं, लाल रेक्झिनची बाकं असलेलं एखादं ‘रेट्रो’ खाणंही शिरलंय. हौस चांगली आहे, फक्त मेन्यूवरचा आकडा आणि कार्डावरून कापला जाणारा आकडा यांत बरंच अंतर असतं. आणखी एक गंमत म्हणजे जुनेपणाला तिथे फारसे पैसे पडत नाहीत, ते पडतात बसायच्या जागेला.

सगळ्यात अस्सल ठिकाण सगळ्यात स्वस्त आहे. शहराच्या आग्नेयेला डाउनी नावाचं उपनगर आहे. तिथे लेकवूड बुलेव्हार्डवर १९५३ साली सुरू झालेलं मॅकडोनाल्ड्स आजही उभं आहे. चालू असलेल्यांपैकी हे सगळ्यात जुनं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या भिंती, छप्पर भेदून गेलेल्या दोन पिवळ्या कमानी, आणि उंच खांबावर बर्गरचं डोकं असलेला ‘स्पीडी’ नावाचा आचारी, ज्याचे निऑनचे पाय रात्री पळताना दिसतात. ही शाखा मूळ मॅकडोनाल्ड बंधूंनी स्वतः दिलेल्या परवान्यावर चालायची. त्यामुळे पुढे साखळी विकत घेणाऱ्या रे क्रॉकच्या कंपनीने बाकीच्या शाखांचं रूपडं बदललं तेव्हा ही सुटली. १९९४च्या भूकंपानंतर ती बंद पडली होती, पण लोकांनी आवाज उठवल्यावर १९९६च्या अखेरीस पुन्हा उघडली.

इथे आत बसायची सोय नाही. खिडकीशी ऑर्डर द्यायची आणि बाहेरच्या बाकावर खायचं. टिप द्यावी लागत नाही. कॅलिफोर्नियात बर्गर, फ्राइज आणि पेयाचं मील साधारण ११ ते १३ डॉलरला पडतं. दोघांचे २४ डॉलर धरले आणि दहा टक्क्यांच्या आसपासचा विक्रीकर मिळवला, तर साडेसव्वीस डॉलर होतात. हिशेबाला डॉलर ९० रुपयांचा धरला तर झाले सुमारे २,४०० रुपये. अॅपल पाय मात्र सोडू नका. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तो १९९२पासून भट्टीत भाजलेला मिळतो, डाउनीत अजून तळलेला देतात. शेजारीच जुन्या वस्तूंचं छोटं दालन आहे.

शाकाहारी मंडळींनी पुढचं नीट वाचावं. अमेरिकेतल्या मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये गोमांसापासून केलेला स्वाद असतो. कंपनीच्या घटकांच्या यादीत तसं लिहिलेलंच आहे. २००१ साली यावरून तिकडे खटला झाला, ठाण्याच्या शाखेत तोडफोड झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये तो नसतो, पण म्हणून तिथेही नसेल असं गृहीत धरू नका. व्हेज बर्गरही तिथल्या नेहमीच्या मेन्यूत नाही. अशांनी इन-एन-आउटमध्ये जावं. ही साखळी १९४८ची. सूर्यफुलाच्या तेलातले फ्राइज आणि ग्रिल्ड चीज मिळतं, आणि खिशालाही झेपतं. बॉल्डविन पार्कला त्यांच्या पहिल्या टपरीची हुबेहूब प्रतिकृती फुकट पाहता येते. ती ठरावीक दिवशीच उघडी असते आणि तिथे खायला काही मिळत नाही, तेव्हा पोट भरून जा.

आता टेबलाशी बसून खायचं असेल तर. बरबँकचं बॉब्ज बिग बॉय १९४९चं आहे. बीटल्स १९६५मध्ये इथे जेवून गेले, त्या टेबलाची खूण अजून दाखवतात. शुक्रवारी संध्याकाळी आवारात जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. तो पाहायला पैसे नाहीत, म्हणून जायचंच तर शुक्रवारी जा. बर्गर साधारण १६ डॉलर, शेक आठच्या आसपास. दोघांत दोन बर्गर आणि एकच शेक पुरतो, कारण तो धातूच्या उभट पेल्यात चमच्यासकट येतो आणि इतका घट्ट असतो की स्ट्रॉ ओढून गाल दुखावेत. मेन्यूवर झाले ४० डॉलर. कर साधारण चार, टिप १८ टक्क्यांनी सात. ५१ डॉलर, म्हणजे ४,६०० रुपये. डाउनीच्या जवळजवळ दुप्पट, आणि यातला बराचसा वाटा बसण्याचा!

टिप १५ ते २० टक्के, तीही कर लागण्याआधीच्या रकमेवर काढायची. बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का, ते आधी बघा. तो असेल तर वर वेगळी टिप देण्यात शहाणपण नाही. खिडकीवर किंवा काउंटरवर स्क्रीन आपल्याकडे फिरवून टिप विचारली तर ‘नो टिप’ खुशाल दाबा, कोणी वाकडं बघत नाही. कॉफी बहुतेक डायनरमध्ये पुन्हा भरून देतात, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

सगळ्यात मोठा खर्च जाण्यायेण्याचा. टॅक्सीचं भाडं बर्गरच्या दुपटी-तिपटीवर सहज जातं. मेट्रोचं तिकीट पावणेदोन डॉलर, त्यात दोन तासांपर्यंत गाडी बदलता येते, आणि दिवसभरात पाच डॉलरवर कापत नाहीत. त्यासाठी टॅप नावाचं कार्ड घेतलेलं बरं. डाउनीच्या मॅकडोनाल्ड्सला जायचं तर विमानतळाजवळच्या स्थानकावरून मेट्रोची सी लाइन थेट लेकवूड बुलेव्हार्ड स्थानकाला जाते. तिथून उत्तरेला बस पकडा, चालत जायचा विचार करू नका, अंतर बरंच आहे.

पैसे देताना यंत्र ‘रुपयांत की डॉलरमध्ये’ असं विचारतं. डॉलरच निवडा, रुपये निवडले की दर यंत्र चालवणाऱ्या कंपनीच्या मनाचा लागतो. आपल्या साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं सुमारे साडेतीन टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणजे ५१ डॉलरच्या बिलावर आणखी दोनेक डॉलर. निघण्याआधी बँकेत शून्य मार्कअपचं कार्ड मिळतं का ते विचारा.