पॅनेल तापतंय, पंखा बसवू का?

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत उन्हाळ्यात दुपारी पीएलसी बंद पडतो. पॅनेलला पंखा लावावा का?

उत्तर : फाउंड्रीत पंखा नकोच. तो बाहेरच्या हवेपेक्षा आतली हवा थंड करू शकत नाही, शिवाय लोखंडाची आणि कोळशाची वीजवाहक धूळ थेट कार्डांवर आणून टाकतो.

आधी हिशेब करा. रंगवलेल्या पत्र्याचा मोकळा पृष्ठभाग चौरस मीटरला, दर अंश फरकामागे, सुमारे 5.5 वॅट उष्णता बाहेर टाकतो. पृष्ठभाग 3 चौरस मीटर आणि आत 300 वॅट उष्णता असेल, तर आतलं तापमान बाहेरपेक्षा 18 अंशांनी चढतं. बाहेर 42, म्हणजे आत 60! बहुतेक पीएलसींची मर्यादा 55 ते 60 अंशच असते. उभा बसवला तर आणखी कमी.

यातले सव्वादोनशे वॅट एकट्या साडेसात किलोवॅटच्या ड्राइव्हचे असू शकतात. तो वेगळ्या पॅनेलमध्ये हलवा. वाढ पाच अंशांच्या आत येईल. माझ्या मते हाच सर्वांत स्वस्त उपाय. पीएलसीच्या वर-खाली किमान 25 मिलिमीटर जागा सोडा. एवढं करूनही भागलं नाही, तर आयपी 54 किंवा 55 पेटीवर बंद अभिसरणाचा पॅनेल एसी बसवा आणि दाराचं रबर तपासा.