संत्र्याचा रस, रक्तांतील साखर आणि हृदय

मृग बहाराचें फळ उतरूं लागलें कीं वरूड, मोर्शी, चांदूरबाजार या तालुक्यांतून घरोघर रसाचे पेले फिरूं लागतात. अकोल्याकडील अकोट भागांतही हीच रीत. व्यापारी मोठा व सारखा दाणा उचलून नेतो. बारीक फळ मागें राहतें, आणि तें वायां जाऊं नये म्हणून घरचीं माणसें त्याचा रस काढतात. हा रस फळाचा असल्यामुळें त्यानें हृदय बळकट होतें व मधुमेहासही बाध येत नाहीं, असा समज सर्वत्र दृढ आहे. त्याचा आज विचार करूं.

आम्ही स्वतः याच समजानें फसलों. तहसिलींत कारकुनी करून पेन्शनीवर आल्यावर रक्तांत साखर निघाली, तेव्हां चहांतील साखर आम्हीं निमूटपणें सोडली, आणि त्याची भरपाई म्हणून सकाळ-संध्याकाळ मोठा पेलाभर संत्र्याचा रस घेऊं लागलों. तीन महिन्यांनीं पुन्हां रक्त तपासविलें, तों साखर उतरण्याऐवजीं चढलेली! जन्मभर आम्हीं दुसऱ्यांचे आंकडे ताडून पाहिले, पण पेल्यांतील आंकडा कधीं मांडला नाहीं.

तो आंकडा असा. एका मध्यम संत्र्यांत सुमारें ८ ते १० ग्राम साखर असते. २५० मिलिलिटरचा पेला भरावयास तीन-चार संत्रीं लागतात, आणि त्यांत २० ते २५ ग्राम, म्हणजे चहाचे पांच-सहा चमचे साखर उतरते. तितकीं संत्रीं सोलून, फोडी चावून कोणी एका बैठकीस सहसा खात नाहीं. पिण्यास मात्र अर्धें मिनिट पुरतें. शिवाय गाळतांना चोथा जातो, आणि हा चोथाच साखरेस थोपविणारा बांध होय. बांध असला म्हणजे पाणी वावरांत मुरत जातें. फुटला म्हणजे एकदम लोंढा येतो. तशी रसांतील साखर लवकर रक्तांत शिरते, व ज्याच्या शरीरांत इन्सुलिनचें काम मंदावलें आहे त्यास ती आवरत नाहीं. जादा साखरेची यकृतांत चरबी बनून ती पुन्हां रक्तांत येते, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांस तीच घातक.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं १,८७,००० हून अधिक स्त्रीपुरुषांच्या आहाराच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून २०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. अख्खीं फळें खाणारांत मधुमेह कमी, व रस अधिक पिणारांत तो अधिक आढळला. केवळ नोंदींवरून कारण सिद्ध होत नाहीं हें खरें. तथापि जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०१५ सालीं रसांतील साखर वरून घातलेल्या साखरेच्याच सदरांत धरली, अख्ख्या फळांतील धरली नाहीं. या सदराखालीं दिवसास सुमारें २५ ग्रामांच्या आंत राहणें अधिक बरें, असें तिचें मत आहे. म्हणजे एका पेल्यांतच दिवसाची शिल्लक संपली.

रसाची बाजूही मांडली पाहिजे. त्यांत क जीवनसत्त्व व पोटॅशियम आहे, आणि हेस्पेरिडिन नांवाचें द्रव्य आहे. फ्रान्समधील एका प्रयोगांत २४ निरोगी पण कांहीं स्थूल पुरुषांनीं चार आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस घेतला, तेव्हां त्यांचा खालचा रक्तदाब कांहींसा उतरला; हें २०११ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु ते मधुमेही नव्हते. आणि हेस्पेरिडिन ज्या पांढऱ्या दोऱ्यांत विपुल असतें, ते दोरे आपण निवडून उकिरड्यावर टाकतों!

आमच्या एका बागाईतदार स्नेह्यांनीं आक्षेप घेतला कीं, शेतकऱ्यांच्याच मासिकांत रसाविरुद्ध लिहिणें म्हणजे आपल्याच मालाचा भाव पाडणें. खाणारा एक संत्रें घेतो, पिणारा चार, हा त्यांचा हिशेब चुकीचा नाहीं. वऱ्हाडांत संत्र्यावर प्रक्रिया करणारे कारखाने निघावेत ही मागणीही जुनी व रास्त आहे. पण रसास जातें तें बारीक फळ, आणि भाव मिळतो तो खाण्याच्या फळास. कारखान्याच्या रसाबद्दलही सावध असावें. सांद्र रसांत पाणी मिसळून केलेल्या पेयावर ‘शंभर टक्के फळांचा रस’ असें छापूं नये, असा आदेश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें जून २०२४ मध्यें काढला.

एका प्रसंगीं मात्र रसच औषध होय. इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या मनुष्याची साखर एकाएकीं उतरून घाम, कंप, घाबरेपणा सुरू झाला, व तो शुद्धीवर असला, तर त्यास अर्धा पेला रस तात्काळ द्यावा, आणि पंधरा मिनिटांनीं साखर पुन्हां पाहावी. बेशुद्धास तोंडानें कांहीं देऊं नये, दवाखाना गांठावा. ज्यांचीं मूत्रपिंडें दुर्बळ आहेत त्यांनीं पोटॅशियममुळें संत्रेंही डॉक्टरांस विचारूनच खावें.

आम्ही सध्यां दुपारच्या जेवणानंतर एक संत्रें दोऱ्यांसकट खातों. रस पाहुण्यांपुरता निघतो, आणि त्यासाठीं घरांतील मोठे पेले माळ्यावर ठेवून लहान पेले खालीं काढले आहेत.